तळपाय बघायला सोलापूरला

सोलापूरला कशाला चाललीस, असं निघायच्या आधी ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी खरं तेच सांगितलं. बायकांचे तळपाय बघायला. रत्नागिरीच्या माणसाला थट्टा आवडते, त्यामुळे बहुतेकांनी ती थट्टाच समजली आणि येताना चादर आणायला सांगितली.

मी इथल्या एका नर्सिंग कॉलेजात सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते. दवाखान्यातल्या खाटेपाशी नाही, लोकांच्या ओटीवर जाऊन करायची ती शुश्रूषा. काही वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या बायकांबरोबर मी एक काम केलं होतं. शुगर जुनी झाली की पायांची जाणीव कमी होत जाते. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळली तरी दुखत नाही. आणि वय झालेल्या बाईला वाकून स्वतःचा तळवा काही दिसत नाही. म्हणून आम्ही शेजारणींच्या जोड्या लावल्या. दिवेलागणीला ओटीवर बसायचं, तुझे तळपाय मी बघते, माझे तू बघ. बायकांना ते आवडलं. पाय बघता बघता गावभरच्या गप्पा व्हायच्या आणि जखमा वेळेवर सापडायच्या. त्यावर मी एक शोधनिबंध लिहिला, तो एका लहानशा नर्सिंग जर्नलमध्ये छापून आला, आणि पुढे काहीच झालं नाही.

आमच्या क्षेत्रात 'काहीच झालं नाही' हेसुद्धा अधिकृतपणे कळवावं लागतं. तुमच्या निबंधाचा संदर्भ इतर किती संशोधकांनी दिला, हे कॉलेजच्या वार्षिक मूल्यांकनात विचारतात. मी दर वर्षी शून्य लिहायची. आमच्या प्राचार्यबाई मायाळू आहेत. त्या नुसतं म्हणायच्या, "पुढच्या वेळी जरा मोठ्या जर्नलला पाठवा."

अशात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "तळपायवाल्या मॅडम बोलताय का? मी शिवलीला, सोलापूरहून. हिकडं नर्सिंग शिकवते. तुमचा पेपर वाचून आम्ही भवानी पेठेत आणि वैरागला काम चालू केलंय की. या एकदा बघायला."

माझा निबंध कुणीतरी वाचला होता. मी रजा टाकली.

सोलापूर

शिवलीला स्टँडवर घ्यायला आली होती. चाळिशीची, उंच, बोलताना हात हलवणारी. कपाळाला बारीक विभूतीची रेघ, डोक्यावर हेल्मेट. "बसा की मागं," म्हणत तिनं माझी बॅग स्कूटीच्या पायाशी ठेवली आणि उन्हातून भरधाव घरी नेलं. मार्च संपत आला होता. आमच्याकडे या दिवसांत घाम येतो. सोलापुरात तो यायच्या आधीच वाळतो.

दारात तिच्या आई उभ्या होत्या. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. त्या कानडीत सुरू करतात आणि समोरच्याचं तोंड बघून मराठीत येतात. "बर्री, बर्री," म्हणाल्या, मग, "या, आत या. समुद्राकडनं आलात म्हने. मासे न्हाईत हं आमच्याकडं."

मी म्हटलं, "मग काय आहे?"

त्यावर जे ताट समोर आलं त्याच्याबद्दल लिहायला हवं. ज्वारीची कडक भाकरी, पापडासारखी मोडणारी. दही. शेंगाची चटणी, तेल सुटलेली, लालभडक. आमच्याकडे जिथे जिथे नारळ पडतो तिथे तिथे इथे शेंगदाणा पडतो, आणि तो गोड वागत नाही. मी भाताच्या सवयीनं चटणीचा मोठा घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. आईंनी दह्याची वाटी पुढे सरकवली आणि शिवलीलाला कानडीत काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पेपर लिहिणारी आहे पण जेवायला शिकवावं लागंल."

जेवणानंतर शिवलीलानं लॅपटॉप उघडला. तिचा स्वतःचा निबंध जवळजवळ लिहून झाला होता. माझीच पद्धत, तिच्या भागात, आणि निकाल चांगले. पहिल्याच पानावर माझं नाव होतं. दुसऱ्या कुणाच्या लिखाणात आपलं आडनाव आणि पुढे कंसात वर्ष, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"दोन दिवसांत पाठवून टाकते," ती म्हणाली. "त्याच्याआधी तुम्ही डोळ्यांनी बघा, म्हणून बोलावलं. बरोबर चाललंय का सांगा."

भवानी पेठ

दुसऱ्या दिवशी सकाळी भवानी पेठेत गेलो. बोळात शिरलं की आधी यंत्रमागांचा खडखडाट येतो, मग घरं दिसतात. इथले लोक त्या आवाजाच्या वरच्या पट्टीत सहज बोलतात. मला सवय नसल्यानं मी पहिला अर्धा तास नुसती मान हलवत होते. शिवलीला मात्र एका दारात मराठी, दुसऱ्यात कानडी आणि तिसऱ्यात मोडकं तेलुगू बोलत पुढे चालली होती.

नरसम्मा तिथल्याच. घरात तेलुगू, बोळात मराठी. टॉवेलच्या कडा शिवत दारात बसल्या होत्या. मी कोकणातून आलेय कळल्यावर त्यांनी शिवण खाली ठेवलं आणि समोरच्या घरातल्या मैत्रिणीला हाक मारली. ती आली, बसली, आणि दोघींनी माझ्यासाठी भर सकाळी संध्याकाळचा कार्यक्रम करून दाखवला. नरसम्मांनी तिचा पाय मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्यांतून कापड फिरवलं, टाच दाबली, मग तळव्याचा फोटो काढला.

"फोटो कशाला?" मी विचारलं.

"हिला दाखवायला," नरसम्मा म्हणाल्या. "मी चांगलं आहे म्हटलं तर हिचा विश्वास नाही."

"कसा बसणार? मागं हिनं माझ्या साडीला चांगली म्हटली होती," मैत्रीण म्हणाली.

माझ्या निबंधात फोटो नव्हते. जिचा पाय तिला दाखवायला आम्ही आरसा वापरला होता. बोळातून बाहेर पडताना मी शिवलीलाला म्हटलं की हे तुझ्या निबंधात ठळक यायला हवं. ती खूश झाली. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू. आमच्या समुद्रकाठच्या ओटीवर सुरू झालेली गोष्ट या खडखडाटात येऊन, रूप बदलून, मजेत नांदत होती. छापील कागद एवढा लांब चालत येतो, हे मी वर्गात पोरींना सांगत असे. त्यावर माझा स्वतःचा विश्वास त्या दिवशी बसला.

वैराग

वैरागला बार्शीच्या वाटेनं जातात. ज्वारी निघालेली, शेतांतून कडब्याच्या गंजी रचलेल्या, काळी जमीन भेगाळलेली. ज्याच्या डोळ्यांना हिरव्याची सवय आहे त्याला आधी हा मुलूख रिकामा वाटतो. थोड्या वेळानं कळतं की इथे आभाळ जास्त आहे.

आम्ही हौसाबाईंच्या घरी गेलो. वैरागमधल्या सगळ्या कामात शिवलीलाचा अभिमान म्हणजे हे घर. हौसाबाई सत्तरीच्या पुढच्या, शुगर जुनी, एके काळी टाचेला मोठी जखम झालेली. त्यांची सून रंजना रोज संध्याकाळी त्यांचे पाय बघायची. इथे शेजारणींच्या जोड्या जमल्या नव्हत्या, घरं लांब लांब. तेव्हा शिवलीलानं सुनांना शिकवलं होतं. सासूचे पाय धरायला सून नाही म्हणत नाही, त्यामुळे काम झटक्यात रुजलं.

हौसाबाईंनी पाय पुढे केले. तळवे लहान मुलासारखे स्वच्छ होते.

"सून बगती," त्या म्हणाल्या. "एक दिस चुकवत न्हाय. मी म्हन्ते, अगं दमलीस तर ऱ्हाऊ दे, तर म्हन्ती, न्हाय, मॅडमनी सांगितलंय."

"आणि सूनबाई कुठे आहेत?"

"वर हाय, माळवदावर. कुरडया घातल्यात. उद्या पावनं यायचं हायती, नातीला बगायला."

मला वाळवणं बघायची हौस. आमच्याकडे या दिवसांत फणसाचे पापड आणि आंब्याची साटं घालतात. तर मी जिना चढून वर गेले. मातीचं माळवद नावालाच राहिलं होतं, वर आता सिमेंटचा स्लॅब होता. पांढऱ्याशुभ्र लुगड्यांवर कुरडयांची नक्षी मांडलेली. रंजना त्यांच्यामध्ये उभी राहून एकेक उलटत होती. पस्तिशीची असेल. मला बघून हसली, "या की."

वाळवणात चपला घालून जायचं नाही, हे आमच्याकडेही आहे. मी चपला जिन्यात काढल्या आणि स्लॅबवर पाऊल टाकलं. दुसरं टाकायच्या आत उडी मारून परत जिन्यात आले. तवा होता तो नुसता. रंजनाला हसू आलं.

"सवय न्हाय तुमाला," ती म्हणाली.

मीही हसले, तळवा चोळत बसले, आणि तिच्याकडे बघत राहिले. ती अनवाणी होती. उभी होती तिथेच उभी होती. पाय उचलत नव्हती, बदलत नव्हती, सावलीकडे सरकत नव्हती.

"रंजना, तुम्हाला चटका बसत नाही?"

"न्हाय ओ. सवय हाय."

मी खाली हाक मारली, "शिवलीला, हिला शुगर आहे का?"

मग शिवलीला जिन्यात आली. "धाकट्याच्या वेळी पोटुशी असताना निघाली होती," ती हळू म्हणाली. "मग राहिली. गोळ्या चालू आहेत. पण ती तरणी आहे, मॅडम. पाहणीत आम्ही साठीच्या पुढच्याच घेतल्या होत्या."

रंजनाला आम्ही खाली सावलीत आणलं. पाय दाखव म्हटल्यावर तिनं ते साडीच्या काठाखाली ओढून घेतले. "काय न्हाय झालेलं," म्हणाली. शिवलीलानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं रंजनानं उजवा पाय पुढे केला.

करंगळीच्या खाली भाजल्याचा मोठा फोड फुटलेला होता. कातडी निघालेली, कडा काळसर, आत ओल. तो एका दिवसाचा नव्हता. आदल्या आठवड्यातली वाळवणंही त्याच स्लॅबवर झाली होती. शिवलीलानं जखमेच्या बाजूला कापसाची वात टेकवली. "लागतंय?" रंजना तिच्या तोंडाकडे बघत होती. "लावली का?" तिनं विचारलं.

मी आजवर असे पाय पुष्कळ बघितलेत. तरी मी नजर वळवली. दाराच्या आत, दोन हातांवर, तिनंच रोज निगा राखलेले सासूचे पाय पसरलेले होते.

"तुझे पाय कोण बघतं गं?" मी विचारलं.

"माजं?" तिला प्रश्नच नवा वाटला. "मालक पुण्याला असत्यात. पोरगी कॉलेजात. आन् आत्यांना कसं दावायचं? मोठ्या मानसाच्या म्होरं पाय करायचा का?" सासूला ती आत्या म्हणायची.

आमच्या किनाऱ्यावरच्या जोड्या समवयस्क होत्या, म्हणून तिथे हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता. इथे पाय धरायची दिशा ठरलेली होती. धाकट्यानं थोरल्याचे धरायचे. उलटी वाट नव्हती.

शिवलीलानं पिशवीतून सलाइन काढून जखम धुतली, स्वच्छ गॉज लावला आणि म्हणाली, "आजच दवाखान्यात जायचं. आत्ता."

"आज न्हाय," रंजना म्हणाली. आवाज एकदम कडक झाला. "उद्या पावनं हायती. परवा जाते."

"रंजना, परवापर्यंत हे आत जाईल. बोट जाईल."

"जाऊ द्या की. आईला असला रोग म्हनून पोरीला नगं म्हनले तर? मी पायात मोजं घालून वाढते त्यांना. कळत न्हाय कुनाला." आणि मग रडायला लागली, आवाज न करता, पदर तोंडात धरून.

हौसाबाई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या सरकत सरकत पुढे आल्या. सुनेच्या समोर बसल्या आणि तिचा पाय धरून आपल्या मांडीवर घेतला. रंजना ओरडलीच, "आत्या, नगा!" आणि पाय ओढायला लागली. म्हातारीनं सोडला नाही.

"गप बस. पाप लागतंय ते मला लागू दे. मी लई दिस जगलीया, हाय जागा." मग शिवलीलाला म्हणाल्या, "कुटं बगायचं असतंय? बेचक्यात बगायचं ना? ही माजं बगती तसंच?"

शिवलीलानं मान हलवली. हौसाबाईंनी दुसरा पायही घेतला आणि एकेक बोट फाकवून बघितलं. नजर कमी होती, म्हणून तळवा अगदी नाकापाशी नेला. रंजनानं डोळे मिटून घेतले होते.

मग त्यांनी फोन मागितला आणि पाहुण्यांना लावून द्यायला सांगितलं. आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलल्या, "हां, मी हौसा. उद्या नगा येऊ. सुनंच्या पायाला भाजलंय, तिला दवाखान्यात न्यायची हाय. ... व्हय, शुगर हाय तिला. मला बी हाय. तुमच्या घरात कुनाला हाय का ते बी बगून ठिवा. बरं झाल्यावर बलावते." फोन ठेवला आणि म्हणाल्या, "येनार असतील तर येतील. आता जेवा आन् निगा."

त्या घाईतही त्यांनी आम्हाला उपाशी सोडलं नाही. येसराची आमटी आणि भाकरी, उभ्या उभ्या. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते उकळत्या पाण्यात पडलं की घरभर वास सुटतो. चव मला आठवत नाही, वास आठवतो.

परतीची वाट

रंजनाला घेऊन आम्ही आधी तालुक्याच्या दवाखान्यात आणि तिथून चिठ्ठी घेऊन सोलापुरात आलो. तिला दाखल करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलेलं दिसत नाही, पण करंगळीचं आत्ता काही सांगत नाही. मी रजा वाढवली. दिवसा शिवलीलाच्या आई डबा पाठवायच्या. "आजाऱ्याला तिखट नको" या माझ्या सूचनेवर त्यांनी तिखट नसलेली चटणी केली. ती मीच खाल्ली.

दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसलेलो असताना शिवलीला म्हणाली, "पेपर पाठवत नाही मी."

"का?"

"काय पाठवू? पद्धत उत्तम चालते म्हणून? ज्या घराचं उदाहरण दिलंय तिथंच ही बाई. आणि हे लिहावं तर तुमच्या पेपरात कमी काढल्यासारखं होतंय. तुम्ही एवढ्या लांबून आलात."

मला तिचा राग आला नाही, हसूही आलं नाही. ती खरंच अडली होती. तिची बढती त्या निबंधाला टेकली होती, आणि निबंध माझ्या निबंधाला.

"मी बघितलं ते किनाऱ्यावर खरं होतं," मी म्हटलं. "इथे जे खरं आहे ते तू लिही. सुनांची वेगळी पाहणी कर, परवानगी घे, वेळ लागू दे. तुझा निबंध वाचून उद्या कुणी चंद्रपूरला काम सुरू करेल. तिथल्या रंजनाकडे कुणीतरी पहिल्याच दिवशी बघायला हवं."

"मग तुमच्याबद्दल काय लिहू?"

"लिही की या अभ्यासात तरुण सुनांचा विचार केलेला नाही."

तिनं वही काढून ते वाक्य इंग्रजीत लिहून बघितलं. मग म्हणाली, "इंग्रजीत ते लई वाईट दिसतंय ओ."

"मराठीतही दिसतं. लिही."

मी निघाले त्या दिवशी रंजना पलंगावर पाय उंच ठेवून बसली होती. बोटाचा रंग परत येत होता. मला म्हणाली, "आत्या रोज फोनवर पाय दावायला लावत्यात. वॉर्डातल्या समद्या हसत्यात." हसत्यात म्हणताना तीही हसत होती. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की एकही चादर घेतली नाही.

त्यानंतर बरेच महिने गेले. रंजनाची करंगळी राहिली. जखम भरायला फार वेळ लागला, पण भरली. आता ती मऊ तळाच्या खास चपला घालते, वाळवणावरसुद्धा. पाहुणे आले, दुसरे आले, आणि मुलगी म्हणाली मला आधी शिकायचंय, तेव्हा ते प्रकरण तिथेच आहे. शिवलीलानं आसपासच्या गावांतल्या सुनांची पाहणी केली. काही सासवांनी पाय मांडीवर घेतले, काहींनी साफ नकार दिला, आणि तिथे जावाजावांच्या जोड्या लावल्या. हे सगळं तिनं लिहिलं. निबंध छापून आला. त्यात दुसऱ्या पानावर ते वाक्य आहे, जसं मी सांगितलं होतं तसं. मूल्यांकनात या वर्षी मी एक लिहिलं. प्राचार्यबाईंनी पेढे मागवले. कोणत्या वाक्यासाठी, ते मी त्यांना पेढा खाल्ल्यावर सांगितलं.

छापून आल्यावर शिवलीलानं सगळा निबंध मराठीत करून वैरागला हौसाबाईंच्या ओसरीवर वाचून दाखवला. मी फोनवर होते. शेजारच्या बायका जमलेल्या, मधेच कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. तिनं शेवटचं वाक्य वाचलं तशी हौसाबाईंनी विचारलं, "माजं नाव कुटं हाय ह्याच्यात?"

शिवलीलानं समजावलं की आमच्यात नावं छापत नाहीत, कुणाच्या घरचं आजारपण बाहेर जाऊ नये म्हणून तसा नियमच आहे.

"मी तर पावन्यांना फोनवर सांगितलं होतं की समदं."

"तरी न्हाय छापता येत, आत्या."

कुत्र्याला 'हाड' म्हटलेलं ऐकू आलं. मग हौसाबाई म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ दे. सासूनं सुनंचा पाय मांडीवर घेतला, आसं लिवलंय का?"

"लिवलंय."

"सासूनं आपनहून घेतला. कुनी सांगितलं म्हनून न्हाय. आसं?"

कागद उलटल्याचा आवाज आला. शिवलीलानं ते वाक्य शोधून पुन्हा वाचलं, सावकाश.

"मग झ्याक," हौसाबाई म्हणाल्या. "आता च्या ठेव गं, रंजे."